काकू, इथे चांगला नाश्ता कुठे मिळतो?

आज सकाळी पावणेदहाच्या सुमाराला फाटकाशी गाडी थांबली आणि मी मनात म्हटलं, झाला सुरू हंगाम. डिसेंबर आला हे मला कॅलेंडर सांगत नाही. अंगणात दव पडायला लागतं, शेजारच्या वाडीत कोणीतरी नाताळच्या ताऱ्यासाठी बांबूच्या काठ्या तासत बसतं, काजू मोहरायला लागतात, वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या मासळीचा वास घरात येऊन बसतो. हे सगळं असतंच. पण मालवणातला खरा डिसेंबर सुरू होतो तो गाडीची काच खाली सरकते, आतली थंडगार हवा तोंडावर येते आणि तिच्या मागोमाग तो प्रश्न येतो तेव्हा.

"काकू, इथे चांगला नाश्ता कुठे मिळतो?"

तेहतीस वर्षं मी गणित शिकवलं. अर्धवट माहिती देऊन उत्तर मागणाऱ्याचा मला मनस्वी राग येतो. चांगला म्हणजे कुणाच्या जिभेला चांगला? इथे म्हणजे किती लांबपर्यंत? आणि माझ्याच फाटकाशी का? गावात माझ्याएवढा नाश्त्याबद्दल जळफळाट असलेली दुसरी बाई सापडायची नाही, आणि नेमके हे लोक येऊन माझ्यापुढे ब्रेक मारतात. माझ्या कपाळावर लिहिलंय की काय, देव जाणे.

आजच्या माणसाला मी काय उत्तर दिलं ते सांगते, पण त्याआधी दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर सांगायला हवा. त्या डिसेंबरात हाच प्रश्न मी स्वतः दहा दिवस गावभर विचारत फिरले होते. ज्या गावात जन्मले, जिथल्या निम्म्या दुकानदारांना मी पाढे शिकवले, त्या गावात.

झालं असं, की माझा धाकटा भाऊ आंतोन यायचा होता. आयुष्यभर बोटीवर इंजिनरूममध्ये काम केलेला माणूस. निवृत्त झाला, वर्षाच्या आत त्याची बायको गेली, मुलगा परदेशात. वसईच्या फ्लॅटमध्ये हा एकटा. मी लग्न केलं नाही, मालवणच्या आमच्या घरात मी एकटी. आमच्या दोघांत साडेचारशे-पाचशे किलोमीटर आणि दोन्ही टोकांना एकेक खुर्ची. त्याचा फोन आला. "धा दिवस येतंय गो बाय. रवान बघतंय. जमला तर वसयचो फ्लॅट सोडून देतंय." आणि फोन ठेवता ठेवता, "माका रोज सकाळी घावणे होये हां."

तो कायमचा यायला हवा होता मला. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, त्याला तर नाहीच. संध्याकाळी दिवा लावल्यावर घरात दुसऱ्या माणसाचं खोकणं ऐकू यावं एवढीच इच्छा होती, पण ती मोठी होती. आणि ती सगळी जाऊन टेकली घावण्यांवर!

घावणे मला येत नाहीत. सांगून टाकते, लाज वाटून काय उपयोग. आईचे घावणे तांदळाच्या पिठाचे, रुमालासारखे पातळ, जाळीदार, तव्यावरून आपण होऊन सुटायचे. माझा घावणा तव्याशी असा काही संसार मांडतो, की उलथनं मोडतं पण तो हलत नाही. सकाळी माझ्या हातून धड होते ती एकच गोष्ट, पेज. उकडे तांदूळ धुवायचे, भरपूर पाण्यात रटरटत ठेवायचे, मीठ घालायचं, संपलं. ते तर कुणालाही येतं.

म्हणून ठरवलं, आंतोनला रोज सकाळी बाहेर न्यायचं. एवढं मोठं पर्यटनाचं गाव, घावणे मिळणार नाहीत? 

या गावाचं मला आता नीट कळलंय. मालवणची सगळी अक्कल दुपारी एक वाजता जागी होते. तेव्हा तुम्ही डोळे मिटून कुठल्याही खानावळीत शिरा, ताटात येणारी आमटी आणि तळलेली मासळी कुठल्याही पाहुण्याची मान खाली घालायला लावील. पण सकाळी आठ ते दहा? सकाळी गाव बाजारात असतं, मासळीच्या पाटीभोवती वाकून माशांच्या कल्ल्यांत बोटं घालत. त्या वेळात जी हॉटेलं उघडी असतात, त्यांना बघून वाटतं की मालक घरी काहीतरी विसरून आलाय.

पहिल्या दिवशी स्टँडजवळ गेलो. भिंतीवर हातभर मेनू. मिसळ, पावभाजी, मसाला डोसा, पनीर पराठा. आंतोननं चष्मा लावून तो शाळेतल्या धड्यासारखा मोठ्यानं वाचला आणि शेवटी म्हणाला, "मालवणात येवन कोल्हापूर, मद्रास नि पंजाब. मालवण खंय आसा हेच्यात?" वेटर चांगला मिशीवाला गृहस्थ, नम्रपणे म्हणाला, "सर, पर्यटकांना हेच लागतं." आंतोननं चहा घेतला. फक्त चहा. मी मिसळ मागवून बसले होते, ती मला एकटीला संपवावी लागली आणि दुपारपर्यंत छातीत जळजळ होत होती.

आम्हाला फिरवायला सदाची रिक्षा होती. सदा माझा विद्यार्थी. गणितात काठावर पास, पण रस्त्यांत पहिल्या नंबरचा. "बाई, तारकर्लीच्या रस्त्यार नवीन झाला हा. एकदम भारी. बोर्डारच लिवलेला आसा, अस्सल मालवणी घावणे."

दुसऱ्या दिवशी तिथे. मालकही माझाच विद्यार्थी निघाला. भूमितीच्या पेपरात हा सिद्धता लिहायच्या आधीच खाली 'हे सिद्ध झाले' लिहून मोकळा व्हायचा. बोर्डही त्याच सवयीतला. पाऊण तास बसवून ठेवल्यावर जे आलं ते रव्याचं होतं, बोटभर जाड होतं, आणि सकाळी साडेनऊ वाजता त्याच्या शेजारी वाटीभर लालभडक कोंबडीचा रस्सा होता. शिवाय सॉस. आंतोननं घावण्याचा कोपरा बोटानं दाबून बघितला, गॅस्केट तपासावं तसा. खाल्ला नाही.

"तू स्वतः सकाळी काय खाल्लंस?" मी मालकाला विचारलं. रागानं विचारलं होतं, उत्तराची अपेक्षा नव्हती.

"मी? मी घराकडसून पेज खावन इलंय, बाई," तो निरागसपणे म्हणाला.

परत येताना सदालाही झापलं. "तू कधी जेवलास तिथे?" तर म्हणतो, "मी पेज खाल्ल्याबिगर रिक्षा भायर काडनंय नाय." म्हणजे बघा. गणिताची बाई, समोर दोन आणि दोन मांडलेले, आणि मला चार दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी समुद्रकाठ. वाळूत टेबलं, टेबलावर बाटलीत खोचलेलं जास्वंद, समोर निळंशार पाणी आणि किल्ल्याकडे निघालेल्या होड्या. ब्रेडला लावलेलं लोणी वितळून बशीत आलेलं, थंड दुधात कॉर्नफ्लेक्स, चहात वाळू. शेजारच्या टेबलावरची मुलगी आमलेटचे फोटो काढून काढून ते निवल्यावर वेटरला गरम करून आणायला सांगत होती. मी म्हटलं, निदान जागा तरी छान आहे. आंतोन तिकडे बघतही नव्हता. "चाळीस वर्सां दर्याच बगलंय गो. माका दर्या नको, बशयेत कायतरी घाल."

त्यानंतर एका ठिकाणाबद्दल चार जणांनी सांगितलं होतं, तिथे गेलो तर कुलूप. शेजारचा म्हणाला, बाजारात सुरमई आली म्हणून मालक गेले. कधी येतील? "ता सुरमयेर आसा." हसू नका. मी तेव्हा पायरीवर बसून अक्षरशः रडकुंडीला आले होते. एका ठिकाणी तर इडली उत्तम मिळाली. हलकी, लुसलुशीत, चटणीत ताजं खोबरं. मला वाटलं, सुटले बाई एकदाची! आंतोननं चार खाल्ल्या, हात धुतला आणि म्हणाला, "बरी आसा. पण इडलीसाठी मालवणात येवन रवाचा काय?"

त्या 'रवाचा काय'नं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी तो प्रत्येक बशीत घावण्याबरोबर आणखी काहीतरी तपासत होता, आणि रोज मी नापास होत होते. बरं, बोलावं तर काय बोलावं? राहा रे, मला एकटीला घर खायला उठतं, असं? आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. आमच्याकडे माणसं एकमेकांना खायला घालतात आणि त्यावरून जे समजायचं ते समजून घेतात.

परतीच्या वेळी दहा वाजत आलेले असायचे. सदाची रिक्षा माडांच्या बागांमधल्या अरुंद रस्त्यानं निघायची आणि प्रत्येक घरातून तो वास यायचा, उकडे तांदूळ शिजल्याचा. थोडा मातीसारखा, थोडा दुधासारखा. मध्येच एखाद्या घरातून निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा. आंतोन रिक्षातून डोकं बाहेर काढून बसायचा. मला वाटायचं, कुणाकुणाची घरं नवीन झाली ते बघतोय. मी त्याला सांगत बसायचे, हे अमक्याचं, ह्यानं स्लॅब घातला, त्यानं दोन खोल्या पर्यटकांना दिल्या. तो हूं हूं करायचा.

घरी आल्यावर तो पडवीत पेपर घेऊन बसे. मी स्वयंपाकघरात जायची, दार लोटून घ्यायची आणि माझी पेज खायची. रोज. पहाटे उठून करून ठेवलेली असायची. काय करणार, पन्नास-साठ वर्षांची सवय. मिसळ खाल्ली तरी दहा वाजता पोटाला पेज आठवतेच. सोबत खारातली कैरी, नाहीतर बांगड्याचा तुकडा.

आता तुम्ही म्हणाल, दार का लोटायचं? आमच्याकडे पाहुण्यासमोर पेज काढत नाहीत. आईचा हा नियम इतका कडक होता, की फाटकाचा आवाज आला की ती आधी मडक्यावर झाकण ठेवायची, वर सूप पालथं घालायची, आणि मग पदर सारखा करून 'कोण गो?' म्हणत बाहेर यायची. पाहुण्याला पाववाल्याचा ताजा पाव, चहा, घरात असलं तर अंडं. पेज आपली. पेज म्हणजे घरात काय आहे आणि काय नाही ते सगळं उघडं करून दाखवणारी गोष्ट. आम्ही दोघं भावंडं वाडगे मांडीवर घेऊन चुलीच्या मागे लपायचो आणि पाहुणा जाईपर्यंत आवाज न करता भुरकायचो. आंतोनला ते कधीच जमलं नाही. त्याचं भुरकणं फाटकापर्यंत ऐकू जायचं आणि आई त्याला मागाहून चिमटा काढायची.

नवव्या दिवशी दार उघडलं. तो चष्म्याचं घर शोधत आत आला होता. मी वाडगा तोंडाला लावलेला, एका हातात बांगडा.

त्यानं वाडग्यात वाकून बघितलं. मग म्हणाला, "तू रोज खातंस ही?"

"रोज."

"आमी भायरसून इल्यार?"

मी हातातला बांगडा खाली ठेवला.

"आनी माका मिसळ. माका टोस्ट." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "माका पाव्हणो केलंस गो बाय."

मग मात्र माझा भडका उडाला. नऊ दिवसांची रिक्षा, जळजळ, रव्याचा घावणा, कुलूप, सगळं एकदम वर आलं. "तूच घावणे मागलंस! फोनार मागलंस! पेज होयी होती तर तोंड उघडून मागूक काय झाला होता?"

तो म्हणाला, "आपल्या घरात पेज मागान घेवची लागता?"

आणि पडवीत जाऊन पेपर वाचायला बसला. पेपर आदल्या दिवशीचा होता.

मी वाडगाभर पेज नेऊन त्याच्यापुढे ठेवली असती तर? हे मी नंतर हजार वेळा मनात केलंय. त्या दिवशी नाही केलं. मीही आईचीच मुलगी, शिवाय बाई. माझं चुकलं हे वर्गासमोर कबूल करायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी तो ठरल्याप्रमाणे निघाला. कुडाळच्या गाडीची वाट बघताना स्टँडवर त्यानं वडापाव घेतला आणि तो संपूर्ण खाल्ला, बहुधा मला दाखवायला. खिडकीतून म्हणाला, "बरी रव." गाडी गेली. फ्लॅटबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या डिसेंबरला तो आला नाही. रविवारी फोन यायचा. पाऊस, ऊन, गुडघे, मुलगा. पेज आणि घावणे सोडून सगळं. त्या वर्षीही गाड्या फाटकाशी थांबल्या, आणि मी त्या लोकांवर इतकी खेकसले की एकानं म्हणे सदाला विचारलं, त्या काकूंना काय झालंय? सदा म्हणाला असेल काहीतरी. मला राग त्या लोकांचा नव्हता. हे सगळं गावच मडक्यावर झाकण ठेवून बसलंय. सकाळी दहाला घराघरात जे शिजतं ते आम्ही बोर्डावर लिहीत नाही, कारण ते आम्हाला वाढण्याजोगं वाटत नाही. आणि जे लिहितो ते आम्ही स्वतः खात नाही. बाहेरच्याशी असं वागलं तर एक वेळ ठीक. मी तर घरच्यालाच बाहेरचा करून टाकलं. सख्ख्या भावाला! असली चूक आमच्यासारखीच माणसं करू जाणोत.

यंदाच्या ऑगस्टमधली गोष्ट. बाहेर पावसानं अंगण धुऊन काढलेलं, घरात ओलसर अंधार. दहा वाजता मडकं उतरवलं आणि काय वाटलं कोण जाणे, पदराला हात पुसून फोन लावला. वार रविवार नव्हता, त्यामुळे तो घाबराच झाला.

"काय झाला गो?"

"पेज शिजली," मी म्हटलं.

पलीकडे खालच्या रस्त्यावरचा हॉर्न तेवढा ऐकू आला. मग, "मगे?"

"मगे काय? ये."

"वसयसून येयसर थंड जातली गो."

"थंड झाली तर परत हून करतंय."

तो हसला की नाक ओढलं, ते फोनवर समजलं नाही. ऑक्टोबरात आला. दोन बॅगा, बायकोचा मिक्सर आणि इंजिनरूममधली एक पितळी बॅटरी, जी पेटत नाही. फ्लॅट रिकामा करून आला.

आता सगळं गोड झालं असं समजू नका. पेज घट्ट झाली. पेज पातळ झाली. मीठ आईच्या हातचं नाही. बांगडा ह्या बाजूनं करपला. रोज! आणि इतकं असून, रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून येताना हा माणूस सदाला रिक्षा नव्या बोर्डाकडे वळवायला लावतो, घावणे मिळतात का बघायला. मी रिक्षातच बसून राहते. माझे पाय दुखतात, आणि पुन्हा त्या फंदात पडायची माझी इच्छा नाही.

तर आज पावणेदहा वाजता गाडी थांबली. मी पेज ढवळायच्या डावासकट फाटकापर्यंत गेले. चष्म्यावाला तरुण, शेजारी बायको, मागे दोन मुलं मोबाइलमध्ये मान घातलेली. त्यानं तो प्रश्न विचारला. मी नेहमीचं सुनावणारच होते, की ठिकाणं पाच-सहा आहेत, सगळीकडे फोटो चांगले येतात. तेवढ्यात त्याची बायको वाकून म्हणाली, "काकू, तुम्ही काय खाता सकाळी?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. डाव मी नकळत पाठीमागे नेला होता. तो पुढे घेतला.

"पेज," मी म्हटलं. "उकड्या तांदळाची. सोबत सुका बांगडा आणि खारातली कैरी. झालीच आहे. या आत, बसा."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं मागे मुलांकडे बघितलं. मोठा मुलगा मान वर न करता म्हणाला, "मॅगी नाही का?" नवरा ओशाळून हसला, थँक्यू काकू म्हणाला, काच वर गेली. मी त्यांना तारकर्लीचा रस्ता दाखवला. तिथे बोर्ड आहे, त्याखाली माझा विद्यार्थी आहे, बघून घेतील.

परत आले तर आंतोन पडवीत, रस्त्यावरून कुणालाही दिसेल असा पायरीच्या मधोमध बसलेला, वाडगा मांडीवर, आणि भुरकण्याचा तो आवाज. साठीचा झाला तरी तसाच.

"गेले?"

"गेले."

"तू तेंका आत बोलयलंस?" त्यानं वाडगा खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलं, जसं मी घरच विकायला काढलंय. "इचारतंस तरी कित्याक गो? पेज आपल्या दोगांपुरतीच आसा."